हात आधी, हलगी नंतर

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की मिरजेतल्या माझ्या स्टुडिओत आवाजाचं आणि व्हिडिओचं सगळं काम आता फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. त्या ओळीवर एवढं टपाल आलं, की यावेळी दुसऱ्या विषयाला जागाच नाही. पत्रं काटछाट करून घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

ताई, मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. स्नेहसंमेलनाचं शूटिंग मोबाईलवर करतो. लॅपटॉप जुना, रॅम 4 जीबी. मित्रानं पेनड्राइव्हवर एक महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून दिलं, त्यातून व्हायरस शिरला आणि निकालपत्रकांच्या फायली गेल्या. आता सरळमार्गी आणि फुकट असं काय वापरू? शिवाय लेझीमच्या व्हिडिओत सुरुवातीला सगळं जुळतं, शेवटी मात्र मुलाचा हात आधी पडतो आणि हलगी नंतर वाजते. हे काय आहे?

गुरुजी, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं निम्मं कळतं.

तुमचा फोन सेकंदाला 30 चौकटी, म्हणजे फ्रेम, घेतो असं म्हणतो, पण घेतोच असं नाही. मांडवात उजेड कमी पडला की तो चौकटी हळूच कमी करतो. आवाज मात्र सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या ठेक्यात इमानदारीनं चालू असतो. समजा 10 मिनिटांचं लेझीम आहे. 18,000 चौकटी हव्या होत्या, फोननं घेतल्या 17,940. एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या 30च्या हिशेबानं मांडत गेलं, तर चित्र 598 सेकंदांत संपतं आणि आवाज पुरे 600 सेकंद चालतो. दोन सेकंदांचा फरक. लेझीममध्ये तेवढ्यात चार हात होतात.

शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते घ्या. असली बदलत्या वेगाची फाईल त्यात टाकली की ते स्वतःच विचारतं, ही एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलून देऊ का? हो म्हणा. तीन पर्याय दिसतील, त्यातला पहिला, सर्वांत लहान फाईल करणारा, तुम्हाला पुरे आहे. वेळ लागेल, जागाही जास्त खाईल, पण हात आणि हलगी एकत्र येतील. बरेच लोक घाईत 'नको' दाबतात आणि मग आवाज कापून-कापून मागेपुढे सरकवत बसतात. मीही एकदा एका बारशाच्या व्हिडिओत असे अकरा तुकडे केले होते.

आता 4 जीबीचं. शॉटकटच्या सेटिंगमध्ये प्रीव्ह्यू 360 वर आणा आणि प्रॉक्सी चालू करा. प्रॉक्सी म्हणजे मूळ फाईलची हलकी नक्कल. काम नकलेवर करायचं, शेवटी एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढताना, ते मूळ फाईल उचलतं. आणि पुढच्या वर्षी फोनमध्ये फोर-के लावू नका. शाळेच्या प्रोजेक्टरवर ते दिसणारही नाही, लॅपटॉपचा मात्र जीव जाईल. 1080 पुष्कळ आहे.

शॉटकटमध्ये तीन कळा पाठ करा. एस दाबला की जिथे रेघ आहे तिथे क्लिपचे दोन तुकडे होतात. एक्स दाबला की निवडलेला तुकडा उडतो आणि मागचं सगळं पुढे सरकतं. झेड दाबला तर तुकडा जातो पण जागा रिकामी राहते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं एक्स आणि झेडमध्ये गोंधळून पहिल्या दिवशी एकदा तरी रडकुंडीला येतात. येऊ द्या. कंट्रोल-झेड आहे.

तुम्ही विचाराल, केडेनलाइव्ह नावाचं एडिटिंगचं दुसरं सॉफ्टवेअर आहे, ते का नाही? मी स्वतः तेच वापरते. 2002 पासून चालत आलेला प्रकल्प आहे, चित्राच्या आणि आवाजाच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, कितीही वाढवा, गडबडत नाही, शीर्षकं करायला जास्त मोकळीक. पण माझ्या अनुभवात 8 जीबीच्या खाली त्याला धाप लागते. गंमत म्हणजे दोघांचं इंजिन एकच, एमएलटी नावाचं, आणि शॉटकट सांभाळणारे डॅन डेनेडी हे त्या इंजिनाच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे इंजिन एक, गाड्या दोन. तुमच्या रस्त्याला छोटी बरी. ओपनशॉट दिसायला सगळ्यांत सोपं आहे, पाचवीतलं पोर दहा मिनिटांत शिकेल, पण अर्ध्या तासाच्या वर काम गेलं की मला ते जड वाटतं.

एक काळजी घ्या. शोधताना वर जाहिरातीत मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण दिसतं, त्याला हात लावू नका. पत्ता स्वतः टाईप करा, शॉटकट डॉट ऑर्ग. तिथे विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी झिपही मिळते. ती पेनड्राइव्हवर ठेवली की शाळेच्या ज्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे आहे, त्यावरही चालते.

माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या 14 कॅसेट माहेरून इंदूरला आणल्या आहेत. टेपरेकॉर्डर चालू आहे, पण आवाज दबका आहे, खरखर आहे आणि खालून सतत 'घूं' ऐकू येतं. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर चांगलं का? की त्याचा मालक बदलल्यापासून ते वापरू नये?

ताई, ऑडॅसिटी चांगलंच. पण तुमच्या कामातलं निम्मं यश कॉम्प्युटरच्या बाहेर आहे. तिथे जे हुकेल ते कुठलंही सॉफ्टवेअर भरून देणार नाही.

कॅसेट लगेच वाजवू नका. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत सुटते. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध एक इवलासा स्पंज किंवा बनातीचा तुकडा असतो, तो जागेवर आहे का बघा. पडला असेल तर फीत हेडला, म्हणजे यंत्राच्या फीत वाचणाऱ्या भागाला, टेकत नाही आणि आवाज दबतो. कॅसेट फुकट गेली असं समजून लोक टाकून देतात, गेलेला असतो फक्त तो तुकडा. रद्दीतल्या एखाद्या कॅसेटचा काढून लावता येतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीनं पुसा. काडी तपकिरी निघाली तर समजा इतके दिवस धुळीतून ऐकत होतात.

तरीही दबका असेल तर हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा, पाव फेरा, इकडे-तिकडे फिरवा आणि कान टाळांवर ठेवा. ज्या जागी टाळ सर्वांत लख्ख वाजतील ती बरोबर जागा. कीर्तनाच्या कॅसेटची ही सोय आहे, टाळांसारखं माप दुसरं नाही. वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या कॅसेट असतील तर प्रत्येकीला पुन्हा जुळवावं लागेल. मी आमच्या गल्लीतल्या सतारमेकरांकडून एक बारीक पेचकस आणून ठेवला आहे, तो या कामासाठीच.

आता 'घूं'. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, तीच ती. सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. अनेकदा घूं तिथल्या तिथे थांबतं. नाहीच थांबलं तर ऑडॅसिटीत नॉच फिल्टर आहे, तो तेवढीच एक वारंवारता कापतो, 50 वर लावा, मग 100 आणि 150 वर. आजकालच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि ते फक्त माइक घेतं, म्हणून लाइन-इन, म्हणजे टेपरेकॉर्डरची वायर लावायची जागा, असलेलं एक साधं यूएसबी साउंड कार्ड विकत घ्या. या सगळ्या उद्योगात खर्च एवढाच.

भरताना आवाजाच्या पातळीचा काटा सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्या. गजराला सगळे एकदम टाळ वाजवतात तेव्हा तो वर उडी मारतो, म्हणून आधी गजर ऐकून पातळी ठरवा, निरूपण ऐकून नको. स्टिरिओ, सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिट अशी डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाईल केली तर तासाच्या कॅसेटला सुमारे 635 एमबी लागतात. तुमच्या चौदाही कॅसेट तासाच्या धरल्या तरी 9 जीबीच्या आत.

ही फाईल भरली की तिला 'कच्चा' नाव द्या, दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि विसरून जा. हे मी जोर देऊन का सांगते? बऱ्याच वर्षांपूर्वी, हात शिवशिवत असताना, मी एका कीर्तनाची खरखर काढायला घेतली. नॉइज रिडक्शन लावलं, बरं वाटलं, पुन्हा लावलं, आणखी बरं वाटलं, तिसऱ्यांदा लावलं. खरखर पार गेली. टाळ पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे वाजायला लागले. घ्यायला आलेला नातू ऐकून म्हणाला, "आजोबा विहिरीतून बोलताहेत." मूळ फाईलवरच मी जतन केलं होतं, आणि कॅसेट पुन्हा चालवायला घेतली तर फीत यंत्रात गुंतून तुटली. ते पैसे मी घेतले नाहीत, पण पैशांनी काय होतंय.

तेव्हा बेतानं. हार्मोनियम सुरू होण्याआधी जिथे फक्त फितीची खरखर आहे असे दोन-तीन सेकंद निवडा, इफेक्टमधल्या नॉइज रिडक्शनमध्ये नॉइज प्रोफाइल, म्हणजे त्या खरखरीचा नमुना, घ्या, मग सगळं निवडून 6 डेसिबलपासून सुरुवात करा. थोडी खरखर राहू द्या. कान तिला दोन मिनिटांत विसरतात, बुडबुड्यांना विसरत नाहीत.

मालकाचं म्हणाल, तर ऑडॅसिटी 1999 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि 2000 मध्ये लोकांसमोर आलं. 2021 मध्ये ते म्यूज ग्रुपकडे गेलं, तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून मोठा आरडाओरडा झाला. काहींनी त्याच कोडवरून टेनॅसिटी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं. परवाना तोच जीपीएल, म्हणजे कोड कुणालाही घेऊ देणारा, राहिला, म्हणून असं करता आलं. मी ऑडॅसिटीच वापरते. तुमचं मन खात असेल तर टेनॅसिटी घ्या, कीर्तनाला फरक पडत नाही.

शेवटचं, घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना एक्स्पोर्ट करून एमपी3 पाठवा. प्रोजेक्टची फाईल म्हणजे मळलेली कणीक, पोळी नव्हे. मला आठवड्यातून एक तरी अशी कणीक येते, "ताई, वाजत नाही."

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ऑडॅसिटीचे धडे आहेत. सावकाश बोलतात, थांबवून-थांबवून करता येतं.

कऱ्हाडला माझं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या कामाचे पैसे घेतले तर गुन्हा आहे का?

नाही दादा. केडेनलाइव्ह, शॉटकट, ऑडॅसिटी, थेट प्रक्षेपणाचं ओबीएस, सगळ्यांचे परवाने धंद्याला मोकळे आहेत. बिल लावा, जीएसटी लावा. लग्नाच्या व्हिडिओखाली जे सिनेमाचं गाणं टाकता त्याची चिंता करा, ते फुकटही नाही आणि मोकळंही नाही.

या निमित्तानं एक घोळ सोडवते. फुकट आणि मुक्त या दोन गोष्टी आहेत. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती फुकट मिळते आणि उत्तम आहे, पण तिचा कोड बंद आहे. उलट आर्डर नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर मुक्त आहे, कोड कुणीही घ्यावा, पण विंडोजसाठी तयार बांधलेलं हवं असेल तर त्याचे कर्ते पैसे मागतात. मी दिले. 24 पट्ट्यांचं भजनी मंडळ ऑडॅसिटीत मिसळायचं म्हणजे ताकाच्या भांड्यात लोणी शोधण्यासारखं होतं.

आमच्या परदेशातल्या मराठी मंडळासाठी गणेशोत्सवाचा व्हिडिओ करते. शीर्षकात 'महाराष्ट्र' लिहिलं की ष्ट्र फुटतो, 'दुसऱ्या दिवशी' तर वाचवतच नाही. भाच्यानं पुण्याहून पाठवलेला मजकूर पेस्ट केला तर नुसती इंग्रजी अक्षरं येतात. सॉफ्टवेअर बदलू का?

बहुधा नाही. तुमचे दोन आजार आहेत, एकमेकांत मिसळलेले.

भाच्याचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या. त्यात 'क' म्हणून मुळात एखादं इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याच्यावर 'क'चा मुखवटा चढवतो. तुमच्याकडे तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा उतरला. त्याला सांगा, युनिकोडमध्ये पाठव, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढून पाठव. पत्रिका छापणाऱ्यांकडून येणारा निम्मा मजकूर आजही असाच येतो.

ष्ट्र फुटण्याचं कारण वेगळं. युनिकोडमध्ये ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी पाच चिन्हं ओळीनं असतात, त्यांना जोडून एक आकृती करणं हे सॉफ्टवेअर आणि फॉन्ट दोघांनी मिळून करायचं काम. शॉटकट आणि केडेनलाइव्हच्या शीर्षकांत ते नीट होतं, फक्त फॉन्ट देवनागरीचा निवडा. यादीत पहिला जो असेल तो इंग्रजीचा असतो, आणि लोक तोच ठेवून देतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. शीर्षकाला बालू छान जाड दिसतो, गणपतीला शोभतो.

पण माझं एक वेड सांगते. पडद्यावरचा 'ल' आणि 'श' बघा. हिंदी वळणाचे आहेत का आपल्या? आपल्या 'ल'ला मधल्या दांडीला दोन्हीकडून गाठी, आपल्या 'श'ची वरची गाठ वेगळी. शाळेत गिरवलेलं वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या, मोफत आहे, त्यात मराठी वळण आपोआप येतं. बारीक रेषांचा आहे, म्हणून लहान अक्षरात वापरू नका, फोनवर पुसट दिसेल. 'लाडक्या बाप्पाला शुभेच्छा' एकदा या फॉन्टमध्ये लिहा आणि एकदा दुसऱ्यात. मंडळातल्या आज्यांना फरक लगेच कळेल, कशामुळे ते सांगता येणार नाही.

तुम्ही उगाच गरिबीचं कौतुक करता. व्यवसायात कोण वापरतं ही सॉफ्टवेअरं? माझा मुलगा पुण्यात एडिटिंगचा कोर्स करतो, तो हसला.

हसू द्या, वयच तसं आहे. उत्तर म्हणून मी सांगू शकते, की 2025 साली ॲनिमेशनचं ऑस्कर मिळवलेला 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे, आणि ब्लेंडर 2002 मध्ये लोकांनी वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून मुक्त करून घेतलं. ऐकायला झकास. पण त्यामुळे तुमच्या मुलाचं काम केडेनलाइव्हमध्ये सोपं होत नाही, आणि मी तसा दावा करणार नाही.

त्यानं मोठ्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर तिथे जे चालतं तेच शिकावं. तिथे सहाजण एकाच प्रोजेक्टवर बसतात, फाईल एकाकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी जावी लागते. रंगांचं बारीक काम रिझॉल्व्हमध्ये जसं होतं तसं केडेनलाइव्हमध्ये होत नाही. आणि केडेनलाइव्ह कधी कधी कोसळतं. एका पंचाहत्तरीच्या समारंभाच्या आदल्या रात्री, साडेअकराला, फोटोंवर सरकणारे इफेक्ट रचत असताना माझी पूर्ण टाइमलाइन पडद्यावरून गेली. पुन्हा उघडल्यावर त्यानं आपणहून राखलेली प्रत काढून दिली, दहा मिनिटांचं काम गेलं होतं. तेव्हापासून दर मोठ्या बदलानंतर मी फाईल नव्या नावानं ठेवते, 'आजी-1', 'आजी-2'. त्या रात्री 'आजी-17' पर्यंत गेले.

हसण्यापूर्वी मुलाला एवढं विचारा, कोर्स संपल्यावर त्या महागड्या सॉफ्टवेअरची दरमहा वर्गणी कोण भरणार आहे?

दोन तासांचा ग्रामसभेचा व्हिडिओ आहे. सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची पाच एवढंच कापायचंय. एक्स्पोर्टला लावला की रात्रभर चालतो आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तुम्हाला एडिटिंगचं सॉफ्टवेअर नकोच आहे. ते सगळ्या व्हिडिओचं पीठ करून पुन्हा थापतं, म्हणून रात्र जाते. लॉसलेसकट घ्या. ते मधला भाग जसाच्या तसा उचलून नव्या फाईलमध्ये ठेवतं, चित्राला हातही लावत नाही. सुरुवातीची जागा आय कळीनं दाखवा, शेवटची ओनं, एक्स्पोर्ट दाबा. फक्त काप अगदी हव्या त्या चौकटीवर पडेलच असं नाही, जवळच्या पूर्ण साठवलेल्या चौकटीवर पडतो, म्हणून कुणाचं भाषण सुरू होण्याच्या दोन-तीन सेकंद आधीची जागा धरा. दोन तासांची फाईल माझ्या जुन्या लॅपटॉपवर चहा गाळून होईस्तोवर निघते. सरपंचांनी घसा खाकरला असेल तर तो येईल त्यात.